मूल हवंय: काढे, पुड्या, बिया आणि तुमचे प्रश्न

‘दिवस राहत नाहीत, म्हणून नैसर्गिक उपाय करतोय’ अशी पत्रं गेल्या महिन्यात खूप आली. त्यातली सहा इथे घेते आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जोडप्यांचं वैद्यांकडेही चालू असतं, आणि चांगला वैद्य आधी रिपोर्ट मागतो हे मी पाहिलं आहे. मला वाईट वाटतं ते तपासणीच न करता निघून गेलेल्या महिन्यांचं. औषध बदलता येतं, गेलेलं वय परत आणता येत नाही.

प्रश्न : लग्नाला चार वर्षं झाली. बायकोने दोन वर्षं काढे आणि चूर्णं घेतली. तिचे रिपोर्ट नॉर्मल. शेवटी माझी तपासणी झाली, काउंट (शुक्रजंतूंची संख्या) ८ मिलियन आला. ओळखीतल्या एकांनी पुड्या दिल्यात, त्यात भस्म आहे म्हणतात. सोबत अश्वगंधा घेतो आणि जिममधल्या मित्राने ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलंय, दोन घेतली. हे सगळं किती दिवस चालू ठेवू?

इंजेक्शन आजपासून बंद. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागलं की मेंदू वृषणांना काम करायला सांगणंच थांबवतो आणि शुक्रजंतू तयार होणं मंदावतं, कधी पूर्ण थांबतं. ते पूर्ववत व्हायला काही महिने जातात, काहींना वर्षही लागतं. मूल हवं असताना हे इंजेक्शन घेणं म्हणजे पेरणीच्या दिवसांत विहिरीची मोटर काढून ठेवणं.

पुड्याही थांबवा. नावात भस्म, सिंदूर किंवा रस असलेली औषधं (इथे रस म्हणजे पारा, कोरफडीचा रस नव्हे) रसशास्त्रातली असतात. त्यात धातू किंवा खनिजं मुद्दाम घातलेली असतात. ती कुणी, कशी, किती शुद्ध करून बनवली हे लेबल नसलेल्या पुडीवरून कळायला मार्ग नाही. अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पुढे २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं, आणि त्याचा संबंध भारतात बनलेल्या अशाच औषधांशी लागला. शिसं हाडांत साठतं, गरोदरपणात हाडांतून रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. पुरुषांत ते शुक्रजंतू कमी करतं. म्हणजे ज्यासाठी पुडी घ्यायची त्याच्याच मुळावर ती येऊ शकते. बायकोनेही अशा पुड्या घेतल्या असतील तर दोघांनी रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.

अश्वगंधाने काउंट वाढल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे, पण त्यात पुरुष मोजकेच होते. ती थायरॉईडवर परिणाम करू शकते, आणि यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. घ्यायची असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या. झिंक आणि फोलिक ॲसिडच्या ‘पुरुषांसाठीच्या’ महागड्या गोळ्यांची मात्र मोठी परीक्षा झाली आहे. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. गोळ्या घेणाऱ्यांपैकी ३४ टक्के जोडप्यांना मूल झालं, न घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के. ते पैसे वाचवा.

आता तुमचा ८. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषानुसार एका मिलिलिटरमध्ये १६ मिलियन ही खालची मर्यादा आहे. तुमचा आकडा कमी आहे, शून्य नाही. एका रिपोर्टवर निकाल लावायचा नसतो. तपासणी पुन्हा करा, आणि त्याआधी दोन ते सात दिवस संबंध ठेवू नका. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मधल्या काळात कडक ताप येऊन गेला असेल तर तोही रिपोर्टमध्ये दिसतो. युरॉलॉजिस्टकडून व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा, आहेत का ते बघून घ्या. तंबाखू, गुटखा, सिगारेट सोडा. भट्टीसमोर उभं राहण्याचं किंवा तासन्‌तास गाडी चालवण्याचं काम असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि एक सांगायलाच हवं. वीर्यतपासणीत सुई नाही, चिरा नाही, खर्चही सगळ्यात कमी. तरी दोन वर्षं कडू काढे तुमच्या पत्नीने प्यायले. हा तुमच्या एकट्याचा दोष नाही, आपल्याकडे घरोघरी असंच चालतं. पण हे वाचणाऱ्या प्रत्येक जोडप्याने उपचारांच्या पहिल्याच महिन्यात नवऱ्याची तपासणी करावी.

प्रश्न : वय २७, वजन ७६ किलो, पीसीओडी आहे. पाळी ५०-६० दिवसांनी येते. इन्स्टाग्रामवर पाहून सीड सायकलिंग करते: पाळीनंतर जवस आणि भोपळ्याच्या बिया, मग तीळ आणि सूर्यफुलाच्या. शतावरी कल्पही दुधातून घेते. सासूबाई म्हणतात इंग्लिश गोळ्यांनी उष्णता होते. आठ महिने झाले, फरक नाही.

बिया खा. जवसाची चटणी आणि तिळाची पोळी आपल्याकडे कुणी पंधरवडा मोजून खाल्ली नाही, आणि मोजून खाल्ल्याने स्त्रीबीज बाहेर पडतं असा भरवशाचा पुरावाही नाही. नुकसान नाही, इतकंच.

शतावरी कल्पाचा डबा मात्र उलटा करून घटक वाचा. बहुतेक कल्पांत सगळ्यात जास्त असते ती साखर. पीसीओडीत शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, आणि तुम्ही रोज दोन वेळा चमचे भरून साखर घेताय. शतावरी घ्यायचीच तर चूर्ण घ्या, कल्प नको.

तुमचा खरा प्रश्न असा आहे: पाळी ५०-६० दिवसांनी येते, म्हणजे वर्षात बीज फार तर सहा-सात वेळा बाहेर पडतं, तेही पडलं तर. दर महिन्याला पाळी येणाऱ्या बाईच्या साधारण निम्म्याच संधी तुमच्या वाट्याला येतात. वजन पाच टक्के, म्हणजे जेमतेम चार किलो, कमी झालं तरी अनेकींची पाळी आपोआप सुधारते. सगळ्या नैसर्गिक उपायांत मी हा पहिला मानते. रात्रीचं जेवण लवकर, भात-पोळी मोजून, ताटात डाळ-उसळ जास्त, रोज पाऊण तास भरभर चालणं. दुकानात मिळणारं ओव्ह्युलेशन किट पीसीओडीत फसवतं, कारण त्यातलं हार्मोन आधीच वाढलेलं असतं. त्यावर विसंबू नका.

तीन-चार महिन्यांत जमलं नाही तर लेट्रोझोल घ्यायला घाबरू नका. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घ्यायची ही गोळी आहे. सासूबाईंनी ‘त्या गोळीवर बंदी आहे’ असंही ऐकलं असेल. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली होती हे खरं, पण ती २०१७ मध्ये उठली. आज जगभर पीसीओडीत बीज तयार होण्यासाठी हीच पहिली गोळी आहे. साखर आणि थायरॉईड आधी तपासून घ्या.

प्रश्न : वय ३०. एचएसजी (गर्भनळ्यांचा एक्स-रे) केली, दोन्ही नळ्या बंद आल्या. उत्तरबस्तीने तेल सोडून नळ्या मोकळ्या होतात असं सांगितलं. मैत्रीण म्हणते परदेशातही तेलाने गुण आल्याचं संशोधन आहे. करू का?

मैत्रीण अर्धं बरोबर सांगते आहे. नेदरलँड्समधला हा अभ्यास २०१७ मध्ये आला. एक्स-रे काढताना नळीत पाण्याऐवजी तेलाचा रंगद्रव वापरला तर सहा महिन्यांत गर्भ टिकून राहण्याचं प्रमाण सुमारे २९ वरून ४० टक्क्यांवर गेलं. पण त्यात ज्यांच्या नळ्या खराब असण्याची शक्यता कमी होती अशाच बायका घेतल्या होत्या, आणि ते तेल निर्जंतुक, आयोडीनयुक्त, एक्स-रेसाठीच बनवलेलं होतं. औषधी तेल कॅथेटरने गर्भाशयात सोडणं ही वेगळी गोष्ट आहे. आत जंतुसंसर्ग गेला तर उरलीसुरली नळीही खराब होऊ शकते.

आधी दोन गोष्टी बघा. पहिली, नळी गर्भाशयाजवळ बंद दिसत असेल तर ते तपासणीच्या वेळचं नुसतं आकुंचनही असू शकतं. लॅपरोस्कोपीने, म्हणजे पोटात दुर्बीण घालून, खात्री होते. दुसरी, आपल्या देशात नळ्या बंद होण्यामागे गर्भाशयाचा क्षयरोग हे मोठं कारण आहे. ना खोकला, ना ताप, फक्त मूल होत नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासून घ्या. क्षय निघाला तर औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पूर्ण कोर्स करा. व्रण पडलेली नळी औषधाने पुन्हा चालू होईलच असं नाही, तेव्हा आयव्हीएफचा विचार करावा लागतो. नळीत पाणी साचून ती फुगली असेल तर आयव्हीएफआधी तिचा बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर यश जवळपास निम्म्यावर येतं. हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, आता मेलबर्नला. वय ३७, नऊ महिने प्रयत्न, एएमएच (उरलेल्या बीजांचा अंदाज देणारं हार्मोन) कमी. आयव्हीएफसोबत ॲक्युपंक्चर घ्या असं इथे सगळ्या जणी सांगतात. आई म्हणते, आधी पुण्याला येऊन सहा महिने पंचकर्म आणि फलघृत कर.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच देशात मिळालं आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आयव्हीएफ करणाऱ्या ८४८ स्त्रियांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला. खरं ॲक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी १८.३ टक्के जणींना मूल झालं, खोट्या सुया लावलेल्यांपैकी १७.८ टक्के. म्हणजे फरक नाहीच. त्या तासाभरात मन शांत होतं असं वाटत असेल आणि खर्च झेपत असेल तर जरूर घ्या. गर्भ राहावा म्हणून नको.

आईला माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की गर्भधारणेआधी शरीरशुद्धी करावी हा विचार आयुर्वेदाचाच आहे, तो चुकीचा म्हणत नाही मी. पण सदतिसाव्या वर्षी सहा महिने बाजूला ठेवणं मला पटत नाही. पस्तिशीनंतर सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर तपासणी करायची असते, तुमचे नऊ झाले. पंचकर्मातलं वमन-विरेचन (उलट्या-जुलाब करवणं) चालू असताना गर्भ राहू नये म्हणून काळजीही घ्यावी लागेल, म्हणजे ते महिने प्रयत्नातून वजा. एएमएचच्या आकड्याने मात्र खचू नका. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रियांच्या अभ्यासात कमी एएमएच असलेल्यांनाही नैसर्गिकरीत्या दिवस तितकेच राहिले होते. आयव्हीएफमध्ये बीजं किती मिळतील याचा अंदाज त्यावरून येतो. बीज काढताना भूल देतात, तेव्हा घेत असलेलं प्रत्येक चूर्ण डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : माझ्या सुनेला पहिली मुलगी आहे. पाळी चुकल्यावर दीड महिन्याच्या आत गाईच्या दुधातून घ्यायचं मुलगा होण्याचं औषध आमच्याकडे मिळतं. झाडपाल्याचंच आहे. द्यावं का?

नाही, मावशी. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्रजंतूवरून गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं. दीड महिन्याने दिलेलं कुठलंही औषध ते बदलू शकत नाही. पण नेमक्या त्याच आठवड्यांत बाळाचं हृदय, मणका, हातपाय घडत असतात. हरियाणात याचा अभ्यास झाला. असं औषध घेतलेल्या आयांच्या बाळांत जन्मजात व्यंगाचं आणि मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण जास्त आढळलं. मुलगाच होईल अशी जाहिरात करणं हा १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. औषध आधीच दिलं असेल तर लपवू नका. सुनेच्या डॉक्टरांना सांगा, म्हणजे अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी त्या नजरेने करता येईल. नातीला आशीर्वाद.

प्रश्न : वय २९, दोघांचेही सगळे रिपोर्ट नॉर्मल, प्रयत्न सुरू करून सात महिने झाले. ‘टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही’ असं घरी-दारी ऐकते. नोकरी सोडून योगासनं करू का? पुढच्या महिन्यात नणंदेचं डोहाळजेवण आहे, जावंसं वाटत नाही.

नोकरी सोडू नका. ३,५०० हून अधिक स्त्रियांवरचे १४ अभ्यास २०११ मध्ये एकत्र मांडले गेले. उपचाराआधी ज्या जास्त चिंतेत होत्या त्यांना आयव्हीएफमध्ये कमी यश आलं, असं त्यात दिसलं नाही. टेन्शनमुळे गर्भ राहत नाही हे सांगणाऱ्यांनी तुमच्यावर एक ओझं वाढवलं आहे, बाकी काही केलेलं नाही. योगासनं झोपेसाठी, मनासाठी जरूर करा.

तुमच्या वयाला वर्षभर थांबता येतं. बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, हे सहा दिवस महत्त्वाचे. त्या दिवसांत दिवसाआड एकत्र येणं पुरेसं आहे, घड्याळ लावायची गरज नाही. फोलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम आत्तापासूनच घ्या, कारण बाळाचा मणका पाळी चुकल्याचं लक्षात येण्याच्या सुमारासच बंद होत असतो. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासा. पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर मातांचा दीर्घ अभ्यास १९९३ मध्ये सुरू झाला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश मातांना बी-१२ कमी होतं. आणि मिश्री लावत असाल तर आजच सोडा. मुंबईतल्या २००४ च्या अभ्यासात गरोदरपणात मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती.

डोहाळजेवणाला नाही गेलात तरी चालेल. नणंदेला आधी फोन करा, हिरवी साडी पाठवा. घरच्यांना काय सांगायचं ते तुमच्यावर सोडू नका, ते नवऱ्याने त्याच्या आईशी बोलायचं आहे, आणि डोहाळजेवणाच्या आधी बोलायचं आहे.