‘इंटर्नशिप झाली, पण मला काहीच येत नाही’

“मॅडम, प्रमाणपत्र आहे, पण मुलाखतीत सांगू काय? मी तिथे काहीच केलं नाही.” महाविद्यालयातर्फे कंपनीत दोन महिने काढून आलेली मुलं माझ्यासमोर बसून हेच म्हणतात. शब्द इकडचे तिकडे होतात, काळजी तीच. अशाच एका मुलीबरोबरच्या चार भेटींचं हे सार.

तिने फाइल पुढे सरकवली. हजेरीपत्रक, प्रमाणपत्र, शिक्का.

“काम काय करायचीस?”

“गोदामातल्या मालाची यादी संगणकात भरायचे. डेटा एन्ट्री. बस.”

‘आत्मविश्वास ठेव’ म्हटल्याने तो येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेलं मला पूर्ण पटतं: ‘मला जमतं’ हा विश्वास सगळ्यात पक्का होतो तो स्वतः तडीस नेलेल्या कामातून. शाबासकीचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून मी धीर दिला नाही, पुरावा मागितला. “तुझं काम कधी परत आलं होतं का? ती मेल घेऊन ये.”

ती ओशाळूनच आली. मेलमध्ये एकच ओळ होती: ‘ओळ ४१ आणि १८७, माल एक, कोड दोन.’

“मग?”

“दुरुस्त केलं. नंतर वाटलं, असे आणखीही असतील. यादी कोडऐवजी नावाने लावून बघितली, तर अजून अकरा सापडले. कुणी नावात मोकळी जागा सोडली होती, कुणी नाही.”

“शोधायला कुणी सांगितलं होतं?”

“नाही.” ती थांबली. मेलकडे पुन्हा बघत म्हणाली, “कुणीच सांगितलं नव्हतं.”

ते दुसरं वाक्य ऐकलं आणि माझं अर्धं काम झालं. ती मेल तिच्याकडे पहिल्यापासून होती, पण त्या मेलबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. महाविद्यालयाने हजेरी बघितली, कंपनीने शिक्का दिला, आणि शिकणं मधल्या मध्ये हरवलं. अभियांत्रिकी शिकवणाऱ्या हरमन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात अभियांत्रिकीच्या मुलांना आलटून पालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. कारखान्यात पडलेला प्रश्न घेऊन वर्गात परतणं, हा मला त्या योजनेचा प्राण वाटतो. आज बऱ्याच ठिकाणी मुलं जातात, पण प्रश्न परत येत नाही.

त्यामुळे विभागप्रमुखांना मी तीन गोष्टी आग्रहाने सांगते. पाठवण्याआधी एका पानावर लिहून घ्या: काम कोणतं, बघणार कोण, शेवटी हातात काय असेल. ‘बघणार कोण’ची जागा रिकामी असेल, तर मूल झेरॉक्स काढत बसणार हे धरून चाला. दुसरं, आठवडा संपला की पंधरा मिनिटांची नोंद: काय मागितलं, काय दिलं, काय परत आलं, मी काय बदललं. तिसऱ्या रकान्यावर मुलं लाजतात आणि तो कोरा ठेवतात, म्हणून मार्गदर्शकाने तोच आधी वाचावा. तिसरं, मुदत निम्मी झाली की विद्यार्थी, मार्गदर्शक आणि कंपनीतला माणूस यांची अर्ध्या तासाची बैठक. शेवटच्या दिवशी आलेल्या अभिप्रायाने सुधारायला वेळच उरत नाही.

कंपनीच्या लोकांना ‘आमच्या मुलांत काय कमी आहे?’ असं विचारू नका. ‘संवादकौशल्य’ असं गोलमोल उत्तर मिळतं. ‘नव्या मुलाचं काम शेवटचं कशासाठी परत पाठवलंत?’ असं विचारा. मग एकक न लिहिलेले आकडे, विषय न लिहिलेल्या मेल, मुदत चुकणार हे मुदत उलटल्यावर कळवणं, असं नेमकं हाती लागतं आणि ते पुढच्या सत्रात वर्गात घेता येतं.

चौथ्या भेटीत आम्ही सरावाची मुलाखत घेतली. ‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हटल्यावर ती ओळ ४१ आणि १८७ पासून सुरू झाली. पहिल्यांदा चार मिनिटं बोलली, फार लांबलं. अडचण, मी काय केलं, काय निघालं, एवढंच ठेवून दीड मिनिटावर आणलं.

तुमची इंटर्नशिप आधीच संपली असेल, तर जुन्या मेल उघडा आणि ‘दुरुस्त’, ‘पुन्हा’, ‘बदल’ हे शब्द शोधा.