गोष्टीत कुणी मरत असेल तर ते पान गाळायचं का?

हा प्रश्न पालक मला फार वेळा विचारतात, म्हणून एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

सात वर्षांची मुलगी. आई ऑफिसला निघाली की दारातच अडवायची, परत येणार ना, नक्की ना, सारखं तेच. काही महिन्यांपूर्वी आजोबा गेले होते, आईला वाटलं त्याचंच असणार, आणि होतंही, पण बोलता बोलता अजून एक निघालं. रात्री आई तिला ई. बी. व्हाइट यांचं 'शार्लट्स वेब' वाचून दाखवायची, १९५२ चं पुस्तक आहे, विल्बर नावाचं डुकराचं पिल्लू आणि त्याचा जीव वाचवणारी शार्लट ही कोळीण, म्हणजे स्पायडर. शेवटाकडे अंडी घालून शार्लट मरते. घरात आत्ताच हे झालंय, त्यात आणि हे कशाला, म्हणून आईने सांगितलं की शार्लट लांब कुठेतरी राहायला गेली. प्रेमापोटीच केलं तिने ते. पण मुलगी मला म्हणाली, "एवढी मैत्रीण होती तरी सोडून गेली त्याला."

मरण टाळायला गेलो आणि तिच्या वाट्याला सोडून जाणं आलं. मुलांना ते जास्त लागतं हो, कारण सोडून जाणारा स्वतःच्या मर्जीने जातो, मग मुलं आपलंच काय चुकलं ते शोधत बसतात.

मेलेलं परत येत नाही, त्याचं शरीर थांबतं आणि हे सगळ्यांचंच होतं, एवढं बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळायला लागतं. ही मुलगी त्याच वयातली, तिला अर्धवट कळतच होतं.

मी आईला म्हटलं, खरा शेवट वाचा, दिवसाउजेडी, घाई न करता, आणि शार्लट मेली तिथे पुस्तक मिटू नका. पुढे तिची पिल्लं अंड्यांतून बाहेर येतात, बरीचशी उडून जातात, तीन विल्बरजवळ राहतात, त्याला ती आवडतात पण शार्लटची जागा कुणीच घेत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, पिल्लं आली म्हणून दुःख संपलं असं लेखक कुठेच म्हणत नाही.

मुलगी खूप रडली. रडू द्या, गोष्टीतल्या कुणासाठी रडणं हा आजार नाही. मग तिने विचारलं, शार्लटला आधी माहीत होतं का? होतं, आणि तिने विल्बरला तसं सांगितलंही होतं. हे ऐकून ती बरीच सैल झाली.

दोन दिवसांनी आला तो प्रश्न, आई तू पण मरशील? इथे "मी कधीच नाही" असं वचन देऊ नका, मुलांना ते पटत नाही. आईने सांगितलं, "हो, सगळेच मरतात, पण बहुतेक माणसं खूप म्हातारी होऊन मरतात, मी खूप वर्षं तुझ्याजवळ असेन असं मला वाटतं, आणि काही झालंच तर बाबा आहेत, मावशी आहे, तुला एकटं कुणी ठेवणार नाही." मुलीचा पुढचा प्रश्न होता, मावशीकडे माझी सायकल नेता येईल का.

दारातलं अडवणं हळूहळू कमी झालं. मात्र झोप, जेवण, शाळा असं सगळंच काही आठवडे बिघडलेलं राहिलं तर फक्त पुस्तकावर विसंबू नका, मुलाला समुपदेशकाकडे घेऊन या.