मोशन ग्राफिक्ससाठी मशीन: आधी काम ठरवा, मग कार्ड

प्रश्न : मुलगी बारावीनंतर मोशन ग्राफिक्स (हलती चित्रं-अक्षरं) शिकते आहे. घरचा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. त्यावर टूडी ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर आफ्टर इफेक्ट्स अडखळतं आणि थ्रीडीच्या ब्लेंडरचा रेंडर (अंतिम फ्रेम तयार होणं) रात्रभर चालतो. तिला गेमिंग लॅपटॉप हवाय, मला डेस्कटॉप बरा वाटतो. बजेट बेताचं आहे. पैसा कशावर घालावा? – एक पालक

उत्तर : डेस्कटॉपच घ्या. लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डाचं नाव तेच असतं, पण माल वेगळा. आरटीएक्स ३०६० हे कार्ड डेस्कटॉपवर १२ जीबी व्हीरॅमचं (कार्डाची स्वतःची मेमरी) मिळतं, लॅपटॉपमध्ये त्याच नावाखाली ६ जीबी. शिवाय रेंडर लांबला की लॅपटॉप तापतो आणि आपला वेग आपणच उतरवतो. मशीन रोज वर्गात न्यावंच लागत असेल, तरच लॅपटॉपचा विचार करा.

मग मुलीला एकच विचारा : तुझा जास्त वेळ कशात जातो, आफ्टर इफेक्ट्समध्ये की थ्रीडीत? सगळं बजेट या उत्तरावर फिरतं.

आफ्टर इफेक्ट्स असेल तर पैसा रॅमवर घाला. प्रिव्ह्यूसाठी तयार झालेली प्रत्येक फ्रेम रॅममध्ये साठते. १९२० बाय १०८० ची ८ बिट फ्रेम, दर पिक्सेलला ४ बाइट धरून, सुमारे ८.३ एमबी. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे १० सेकंदांना साधारण २ जीबी. रंग १६ बिट केले की दुप्पट, फोर-के (लांबी-रुंदी दुप्पट) केलं की चौपट, दोन्ही केलं की १६ जीबीच्या वर. टाइमलाइनवरची हिरवी पट्टी मध्येच अडते, ती बहुतेक वेळा याचमुळे. म्हणून किमान ३२ जीबी, तीही १६ च्या दोन स्टिक, म्हणजे ड्युअल चॅनेल मिळतो, दोन्ही स्टिक एकदम वापरल्या जातात. डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅममध्ये चारही स्लॉट भरले की वेग बऱ्याचदा खाली येतो; पुढे ६४ लागणारच असं दिसत असेल तर आताच ३२ च्या दोन घ्या.

प्रोसेसरला आठ कोअर पुरतात, मात्र एकेका कोअरचा वेग चांगला हवा. २०२१ पासून आफ्टर इफेक्ट्स अनेक फ्रेम एकदम रेंडर करतं खरं, पण त्या प्रत्येक फ्रेमला आपापली रॅम लागते. सोळा कोअर आणि १६ जीबी रॅम ही जोडी म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

थ्रीडी असेल तर हिशेब उलटा : आधी कार्ड, आणि कार्डात आधी व्हीरॅम. सीनची मॉडेल्स आणि टेक्श्चर (मॉडेलवर चढवलेली चित्रं) कार्डाच्या मेमरीत मावावी लागतात. ४०९६ बाय ४०९६ चं टेक्श्चर डिस्कवर ५ एमबीची जेपीजी फाइल असेल, उघडल्यावर ते ६७ एमबी घेतं. अशी पन्नास झाली की तीन जीबी तिथेच संपले. मेमरी पुरली नाही तर रेंडर एक तर थांबतो, नाहीतर रांगत चालतो. त्यामुळे नव्या पिढीच्या ८ जीबी कार्डापेक्षा मागच्या पिढीचं १२ जीबीचं कार्ड विद्यार्थ्याच्या जास्त कामाचं. कमी वेगावर वाट पाहून भागतं, कमी मेमरीवर भागत नाही. कार्डाची कंपनी (एनव्हिडिया की एएमडी) ठरवण्याआधी वर्गात कोणता रेंडरर, म्हणजे रेंडर करणारं सॉफ्टवेअर, शिकवतात ते विचारा : विंडोजवर ऑक्टेन फक्त एनव्हिडियावर चालतं, ब्लेंडरचं सायकल्स एएमडीवरही.

बाकीचं थोडक्यात. एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क) हवीच, जमलं तर डिस्क कॅशसाठी, म्हणजे तयार फ्रेम तात्पुरत्या साठवायला, दुसरी छोटी. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) नामांकित कंपनीचा घ्या. ‘८० प्लस’चा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, दर्जाची हमी देत नाही. काटछाट करायची ती रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटवर आणि लिक्विड कूलरवर.

मशीन जोडून आल्यावर तीन गोष्टी तपासा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावलेली हवी. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमच्या वेगाचं सेटिंग चालू हवं, नाहीतर महागडी रॅम तळाच्या वेगाने पळते. आणि ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये, सिस्टीम या भागात, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ऑप्टिक्स निवडून रेंडर सेटिंगमध्ये डिव्हाइस ‘जीपीयू कॉम्प्युट’ ठेवा. हे राहिलं तर सगळा रेंडर प्रोसेसरवर होतो आणि बोल कार्डाला लागतो.

रात्रभराच्या रेंडरचं दुखणं निम्मं सवयीचं असतं. फ्रेमला ३ मिनिटं धरली तर २५० फ्रेमना साडेबारा तास. थेट एमपी४ काढत असेल आणि १८०व्या फ्रेमला वीज गेली, तर सगळं पहिल्यापासून. पीएनजी सिक्वेन्स, म्हणजे दर फ्रेमची वेगळी चित्रफाइल, काढला तर १८१पासून पुढे, फार तर अर्धवट राहिलेली एक फ्रेम पुन्हा. ब्लेंडरमध्ये सॅम्पल्स (दर पिक्सेलमागची गणितं) कमी करून डीनॉइझ (दाणे पुसणं) लावणं आणि आफ्टर इफेक्ट्सचा प्रिव्ह्यू ‘हाफ’वर, म्हणजे निम्म्या लांबी-रुंदीवर, ठेवणं हेही तिला आजच करता येईल, हाफवर मेमरी पावपट लागते.

काम मुख्यतः टूडीचं असेल तर खरेदीआधी एकदा लॅपटॉप उघडून पाहा. रॅमचा दुसरा स्लॉट मोकळा असेल तर १६ जीबीची एक स्टिक लावून हे सत्र निघून जाईल. तोवर तिची दिशाही ठरेल, आणि कार्डाचे पैसे हातात राहतील.