टोकोतली पहिली खरेदी

नेदरलँड्समधल्या इंडोनेशियन दुकानात, म्हणजे टोकोत, पहिल्या खेपेला चारच वस्तू घ्या: केचाप (सोया सॉस), सांबाल (मिरचीचा ठेचा), टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि कच्चे क्रुपुक (तळून फुलवायचे पापड). मसाल्यांची तयार पाकिटं खुशाल मागे ठेवा.

केचापच्या बाटलीवर ‘मानिस’ लिहिलंय ना, ते बघा. तो दाट आणि गोड. ‘आसिन’ खारट, त्याच मापाने ओतलात तर नासी गोरेंग, म्हणजे तिकडचा परतलेला भात, तोंडात धरवणार नाही. दोन वाट्या शिळ्या भाताला दीड चमचा मानिस पुरतो.

शाकाहारी असाल तर सांबालच्या बरणीवरची घटकयादी वाचल्याशिवाय ती उचलू नका. ‘उलेक’ म्हणजे बहुधा मिरची, मीठ आणि थोडं व्हिनेगर. ‘त्रासी’मध्ये मात्र आंबवलेली कोळंबी असतेच. क्रुपुक उदांगही कोळंबीचेच. त्याऐवजी एम्पिंग (मेलिंजो नावाच्या बियांचे पापड) घ्या, किंचित कडवट पण मस्त. दोन्ही कडकडीत तेलातच सोडायचे. तेल कोमट असेल किंवा क्रुपुक सर्दावलेले असतील तर ते फुलत नाहीत, दाताला चिवट लागतात.

टेंपे घेताना पाकीट दाबून बघा. वडी घट्ट हवी, पांढऱ्या बुरशीने दाणे एकमेकांना धरलेले. काळे-राखाडी डाग चालतात. बुळबुळीत लागलं किंवा अमोनियाचा वास आला तर नको. घरी अर्धा सेंटिमीटरचे काप करून मीठ, लसूण, धनेपूड घातलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा आणि कोरडे पुसूनच तळा, नाहीतर तेल अंगावर उडेल.

केमिरी (कँडलनट, वाटणात घालायचा तेलकट दाणा) घेतलीत तर कच्ची चाखू नका, पोट बिघडतं.