एआय लॅपटॉप राहू द्या, तो जुना पीसी कुठाय?

भाऊ, पोरगं बारावीत, एक लाख दहा हजाराचा एआय लॅपटॉप घ्यायचं पक्कं, मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर-एआयची सीट पण बोलून ठेवलेली, आणि मला फक्त एवढंच विचारता की हा एनपीयूवाला नवीन प्रोसेसर चार वर्षं चालेल का. चालेल हो. पण मी अडकलो तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच ओळीवर. "जुना पीसी उघडून बसायचा, टाइमपास नुसता, म्हणून दिवाळीत भंगारात दिला." अरे बाप्पा! दहावीत असताना पोरगं नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून सेकंडहँड रॅम आणतं, मेलेलं मशीन चालू करतं, आणि तुम्ही ते किलोवर विकून मोकळे झालात? पूर्ण पत्रात आम्ही ठरवलं, आम्ही बघितलं, आम्ही भरू एवढंच आहे, तो स्वतः काय म्हणतो ते एका शब्दानं नाही. मार्क 78 टक्के आहेत त्याचं मला काही टेन्शन नाही, टेन्शन याचं आहे.

आता तो गैरसमज. एआय लॅपटॉप घेतला की पोरगा एआय शिकतो असं काही नसतं. दुकानदार जे 40 टॉप्स 40 टॉप्स करतो ना, ते म्हणजे सेकंदाला 40 लाख कोटी छोटी छोटी गणितं, गुणाकार-बेरजा, आणि एनपीयू हा त्या प्रोसेसरमधलाच एक भाग जो हे काम कमी बॅटरीत करतो. व्हिडिओ कॉलमागचं घर धूसर करणं, बोललेलं लगेच खाली लिहून दाखवणं, असली कामं. म्हणजे आधीच तयार झालेलं एआय मॉडेल फक्त चालवायचं. मोठी मॉडेल घडतात ती डेटा सेंटरमधल्या जीपीयू नावाच्या ताकदवान चिपांवर, तुमच्या धरमपेठेतल्या टेबलावर नाही. एआयसाठी लागणारी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला तीस हजाराचा लॅपटॉप भरपूर झाला.

आणि खरी गंमत चिप वापरण्यात नाही, बनवण्यात आहे, आणि त्याचा सरळ रस्ता इलेक्ट्रॉनिक्समधून जातो, ज्या ब्रँचला तुम्ही "उरलेली" लिहिलंय. रिस्क-फाइव्ह नावाची प्रोसेसरची भाषा 2010 मध्ये बर्कलीत सुरू झाली, ती वापरायला लायसन्सचे पैसे लागत नाहीत, तिच्यावरच आयआयटी मद्रासनं शक्ती आणि सी-डॅक या सरकारी संस्थेनं वेगा प्रोसेसर बनवले. तसला छोटा प्रोसेसर व्हेरिलॉगमध्ये, म्हणजे चिपचं डिझाइन लिहायच्या भाषेत, लिहून फुकटच्या सॉफ्टवेअरवर चालवून बघता येतो, अगदी जुन्या पीसीवर सुद्धा, म्हणजे तुम्ही विकला तसल्या.

नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी जेईई मेन, बाकी बहुतेक कॉलेजांसाठी सीईटी, ते तुम्हाला माहीतच आहे. कोट्याचे पैसे मात्र अजून भरू नका. आज जेवताना त्याला एवढंच विचारा की त्या पीसीत प्रोसेसर कोणता होता आणि बिघडलं काय होतं, आणि तो सांगत असताना मधे बोलू नका. पुढचं पत्र त्यानं लिहावं, तुम्ही नाही.