अमेरिका गनिमी काव्याने स्वतंत्र झाली का?

प्रश्न असा आहे, की तेरा वसाहतींतल्या शेतकऱ्यांनी गनिमी काव्याने इंग्रजांना हरवलं, मग तेव्हाच्या हिंदुस्थानात ते का जमलं नाही?

गनिमी काव्याचं आधी बघू. दक्षिणेत, कॅरोलिनाच्या दलदलीत फ्रान्सिस मॅरियनसारख्यांनी इंग्रजांची रसद तोडली, हे खरंच. पण लढाईचा निकाल व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला लागला, आणि तो होता रीतसर वेढा: खंदक, मोर्चे, जड तोफा. इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस समुद्राकडे पाठ करून बसला होता, सुटकेला आरमार येईल या भरवशावर. ५ सप्टेंबर १७८१ रोजी चेसापीक उपसागराच्या तोंडाशी द ग्रासच्या २४ फ्रेंच जहाजांनी ग्रेव्हजची १९ इंग्रजी जहाजं परतवली. तिथेच खेळ संपला. १९ ऑक्टोबरला सात हजारांवर फौज शरण आली, आणि चेसापीकच्या त्या आरमारी लढाईत एकही अमेरिकी गलबत नव्हतं! सुरुवातीच्या वर्षांतली बहुतेक दारूसुद्धा बाहेरून, मुख्यतः फ्रान्सकडून आलेली.

म्हणजे वॉशिंग्टन फुकट मोठा झाला का? अजिबात नाही. लढाया त्याने जिंकल्या त्याहून जास्त हरल्या असतील. पण पगार नाही, पायात जोडे नाहीत, व्हॅली फोर्जच्या छावणीतल्या हिवाळ्यात रोगराईने सुमारे दोन हजार माणसं गेली, तरी फौज मोडू दिली नाही. माझ्या मते त्याचं खरं कर्तृत्व हे. फौज टिकली म्हणून सॅराटोगाच्या अमेरिकी विजयानंतर, फेब्रुवारी १७७८ मध्ये, फ्रान्सने उघड तह केला. पुढे स्पेन उतरला, हॉलंड ओढलं गेलं, आणि इंग्रजांना जिब्राल्टरपासून वेस्ट इंडीजपर्यंत जहाजं वाटावी लागली.

आता आपल्याकडे. त्याच काळात, जानेवारी १७७९ मध्ये, वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना मान तुकवायला लावली होती. नाना फडणवीस, म्हैसूरचा हैदर आणि निजाम यांची एकजूटही जमली होती. फ्रेंच आले नाहीत असंही नाही. फ्रेंच नौसेनापती सफ्रेन १७८२-८३ मध्ये पूर्व किनाऱ्यालगत आणि सिलोनजवळ इंग्रजी आरमाराशी पाच वेळा भिडला. पण मे १७८२ मध्ये सालबाईचा तह करून मराठे बाजूला झाले, डिसेंबरात हैदर वारला. निजामाला तर इंग्रजांनी आधीच फोडलं होतं. वसाहतींच्या भांडणांवर निदान एक काँग्रेस (वसाहतींची सभा) आणि एक सेनापती होता. इथे प्रत्येक दरबाराचा हिशेब वेगळा.

आणि आजाराचं कारण सांगून स्वतःच्या शरणागतीला गैरहजर राहिलेला तो कॉर्नवॉलिस? १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूचा निम्मा मुलूख त्याने काढून घेतला, तेव्हा मराठ्यांचे सेनापती हरिपंत फडके त्याच्याच बाजूने छावणी टाकून होते.