वाचकांचे प्रश्न : हायस्कूलचा डिप्लोमा आणि पुढील प्रवेशाची पात्रता

प्रश्न : आम्ही गेल्या जूनमध्ये महाराष्ट्रातून कॅलिफोर्नियात आलो. मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत नववी उत्तीर्ण झाली होती आणि येथे तिला दहावीत प्रवेश मिळाला. पहिल्या सेमिस्टरमध्ये तिला इंग्रजीत ‘डी’ श्रेणी मिळाली. शाळेच्या काउन्सेलर म्हणतात की क्रेडिट (अभ्यासक्रम पूर्ण केल्याबद्दल जमा होणारी एकके) मिळाले आहेत, तेव्हा काळजीचे कारण नाही. आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई मात्र म्हणतात की या ‘डी’मुळे राज्याच्या विद्यापीठांची वाट बंद होऊ शकते. शिवाय गणितात तिला बीजगणिताच्या पहिल्या वर्गात बसवले असून पुढील वर्षी स्पॅनिश घ्यावे असे सुचवले आहे. नेमके कोणाचे ऐकावे?
— एक आई, कॅलिफोर्निया

उत्तर : दोघींचेही म्हणणे बरोबर आहे, कारण त्या दोन वेगवेगळ्या याद्यांविषयी बोलत आहेत. शाळेतून डिप्लोमा मिळण्यासाठी काय पूर्ण करावे लागते ही एक यादी आणि विद्यापीठात अर्ज करण्यास पात्र ठरण्यासाठी काय पूर्ण करावे लागते ही दुसरी. आपल्याकडे दहावी किंवा बारावीचे एकच प्रमाणपत्र ही दोन्ही कामे करते, त्यामुळे नव्याने आलेल्या पालकांना हा फरक सहसा कोणी समजावून सांगत नाही.

कॅलिफोर्नियात डिप्लोमासाठी राज्याने ठरवलेली किमान अट एकेका वर्षाच्या १३ अभ्यासक्रमांची आहे. त्यात इंग्रजी ३, गणित २ (त्यात पहिल्या पायरीचे बीजगणित आवश्यक), विज्ञान २ (एक जीवविज्ञान आणि एक भौतिक विज्ञान), सामाजिक शास्त्रे ३, शारीरिक शिक्षण २ आणि कला, परकीय भाषा किंवा व्यवसायशिक्षण यांपैकी १ असे विषय येतात. बहुतेक डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणा) यात स्वतःची भर घालतात, म्हणून आपल्या डिस्ट्रिक्टचा लेखी तक्ता मागून घ्यावा. डिप्लोमासाठी राज्याची वेगळी परीक्षा आता नाही. पूर्वी असलेली परीक्षा २०१५ च्या कायद्याने थांबवण्यात आली. या यादीत ‘डी’ ही सहसा उत्तीर्ण श्रेणी धरली जाते आणि सेमिस्टरचे ५ क्रेडिट जमा होतात. काउन्सेलरबाई हेच सांगत आहेत आणि त्यात चूक काही नाही.

दुसरी यादी ‘ए-जी’ या नावाने ओळखली जाते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या दोन्ही व्यवस्थांना ती लागू आहे. त्यात १५ अभ्यासक्रम आहेत: इतिहास-नागरिकशास्त्र २, इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, इंग्रजीखेरीज अन्य भाषा २, दृश्य किंवा प्रयोगकला १ आणि ऐच्छिक १. यांपैकी प्रत्येकात ‘सी’ किंवा त्याहून वरची श्रेणी हवी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी यांतील ११ अभ्यासक्रम बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण झालेले असावे लागतात. म्हणजे तुमच्या मुलीचा ‘डी’ पहिल्या यादीत भरला आणि दुसऱ्या यादीत रिकामाच राहिला.

हा ‘डी’ दुरुस्त कसा करावा, हे विषयावर अवलंबून असते. गणितात आणि परकीय भाषेत वरच्या पायरीवर ‘सी’ मिळाल्यास खालच्या पायरीवरील उणीव भरून निघू शकते. दुसऱ्या वर्षाच्या स्पॅनिशमधील ‘सी’ पहिल्या वर्षाचा ‘डी’ झाकतो. इंग्रजीला ही सवलत नाही. अकरावीच्या इंग्रजीत अगदी ‘ए’ मिळाला तरी दहावीचे हे सेमिस्टर अपुरेच राहील, म्हणून ते पुन्हा करणे हाच सरळ उपाय आहे आणि त्यासाठी येत्या उन्हाळ्याइतकी सोयीची वेळ पुढे येणार नाही. पुन्हा मिळालेली श्रेणी ‘डी’ची जागा घेते. गंमत अशी की तिला ‘सी’ मिळाला असता, तर सरासरी सुधारण्यासाठी तोच अभ्यासक्रम पुन्हा केलेला विद्यापीठाने मोजला नसता.

मात्र पैसे आणि उन्हाळा खर्च करण्यापूर्वी एक खात्री करून घ्यावी. क्रेडिट भरून देणारे सगळेच उन्हाळी किंवा ऑनलाइन वर्ग ‘ए-जी’ मान्यताप्राप्त नसतात. काही केवळ डिप्लोमापुरते असतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रत्येक शाळेच्या मान्य अभ्यासक्रमांची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवते. त्यात त्या वर्गाचे नेमके नाव असेल तरच नोंदणी करावी. तसेच, मराठी माध्यमातून आल्यामुळे तिला नवशिक्या विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजीच्या वर्गात ठेवले असेल, तर अशा वर्गांपैकी जास्तीत जास्त एका वर्षाचाच अभ्यासक्रम चार वर्षांच्या इंग्रजीत धरला जातो, हेही ध्यानात असू द्यावे. तिला नियमित वर्गात केव्हा हलवणार, हा प्रश्न याच महिन्यात विचारण्यासारखा आहे.

आता गणित. महाराष्ट्रात नववीला बीजगणित आणि भूमिती हे गणिताचे दोन भाग एकाच वर्षात समांतर शिकवले जातात. अमेरिकेतील बहुतेक शाळांत पहिले बीजगणित, भूमिती आणि दुसरे बीजगणित असे तीन स्वतंत्र वर्षांचे टप्पे असतात. गुणपत्रिकेवर नुसते ‘गणित’ एवढेच छापलेले पाहून शाळेने सावधपणे पहिल्या पायरीवर बसवले असावे. अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका इंग्रजीत भाषांतरित करून द्यावी आणि स्तर ठरवणारी चाचणी घेण्याची लेखी विनंती करावी. हे जितके लवकर होईल तितके बरे, कारण आता पहिल्या बीजगणितात असलेली मुलगी बारावीपर्यंत दुसऱ्या बीजगणितापर्यंतच पोहोचते. पात्रतेला तेवढे पुरते, पण अभियांत्रिकीसारख्या शाखेकडे वळायचे असेल तर ते अपुरे ठरते.

स्पॅनिशविषयी मात्र माझे मत सुचवणीपेक्षा वेगळे आहे. सहावी किंवा त्यापुढील इयत्तांत किमान दोन वर्षे इंग्रजीखेरीज अन्य माध्यमाच्या शाळेत शिक्षण झाले असेल आणि शाळेच्या नोंदींवरून ते सिद्ध करता येत असेल, तर ‘ए-जी’मधील भाषेची अट पूर्ण झाल्याचे विद्यापीठ मानते. तुमची मुलगी मराठी माध्यमात नववीपर्यंत शिकली आहे. सहावी ते नववीच्या गुणपत्रिका आणि शिक्षणाचे माध्यम मराठी होते असे स्पष्ट लिहिलेला मुख्याध्यापकांचा सहीशिक्क्याचा दाखला मागवून घ्यावा. (वर्ग सेमी इंग्रजीचा असल्यास कोणता विषय कोणत्या भाषेत शिकवला, हे दाखल्यात विषयवार लिहून घ्यावे. इंग्रजी माध्यमात मराठी केवळ एक विषय म्हणून शिकलेल्या मुलांना हा मार्ग मिळत नाही.) खासगी विद्यापीठांचे निकष वेगळे असू शकतात, ते स्वतंत्रपणे पाहावेत.

भाषेच्या या दाखल्यावर मी एवढा भर देण्याचे कारण तासिकांच्या हिशेबात आहे. दिवसाला ६ तासिका असतील तर दहावी ते बारावी या तीन वर्षांत एकूण १८ अभ्यासक्रम होतात. त्यातून ‘ए-जी’चे १५ आणि ‘ए-जी’त न मोजले जाणारे शारीरिक शिक्षणाचे २ वजा केले, तर उरतो केवळ एक. दाखल्यामुळे भाषेच्या दोन तासिका मोकळ्या झाल्या, तर इंग्रजीचे राहिलेले सेमिस्टर पुन्हा करणे, विज्ञानाचे तिसरे वर्ष किंवा गणिताची एक जास्तीची पायरी या सर्वांना जागा मिळते. नववीच्या गुणपत्रिकेवरून डिस्ट्रिक्टने किती क्रेडिट दिले, हेही लेखी मागावे; तिथे काही मिळाले तर हिशेब आणखी सैल होईल.

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. अकरावीत जाणारा मुलगा दुसरे बीजगणित सोडून संगणकाचा विषय घेऊ इच्छितो. दुसऱ्या बीजगणिताशिवायही डिप्लोमा मिळतो असे शाळा सांगते. परवानगी द्यावी का?
— एक वडील, टेक्सास

उत्तर : डिप्लोमा मिळतो हे खरे. टेक्सासचा पायाभूत कार्यक्रम २२ क्रेडिटचा आहे आणि ‘एन्डॉर्समेंट’ (एखाद्या निवडलेल्या क्षेत्रातील जादा अभ्यासक्रमांची जोड) घेतल्यास तो २६ क्रेडिटचा होतो. त्याखेरीज बीजगणित, जीवविज्ञान, अमेरिकेचा इतिहास आणि इंग्रजीच्या दोन अशा राज्याच्या पाच परीक्षा असतात. मात्र ‘डिस्टिंग्विश्ड’ हा वरचा दर्जा दुसऱ्या बीजगणिताशिवाय मिळत नाही. वर्गातील वरच्या १० टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत जो थेट प्रवेश मिळतो, त्यासाठी हाच दर्जा लागतो. ऑस्टिनच्या विद्यापीठात तर टक्केवारीची मर्यादा याहूनही कडक आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ‘एन्डॉर्समेंट’लाही दुसरे बीजगणित अनिवार्य आहे, त्यामुळे संगणकाच्या ओढीने तेच सोडणे म्हणजे संगणकाच्याच वाटेवर स्वतः अडसर घालणे होय. संगणकाचा विषय ऐच्छिक तासिकेत घ्यावा आणि बीजगणित कायम ठेवावे.

प्रश्न : सर्व अटी अकरावीतच पूर्ण झाल्या आहेत आणि अर्ज बारावीच्या आरंभीच जातात. मग बारावीत हलके विषय घेतले तर काय बिघडते?
— एक विद्यार्थिनी, कॅलिफोर्निया

उत्तर : सर्व अटी पूर्ण झाल्या आहेत, असे तुला वाटते. इंग्रजीचे चौथे वर्ष आणि नागरिकशास्त्र-अर्थशास्त्राची सेमिस्टरे बहुधा बारावीतच येतात, तेव्हा ट्रान्सक्रिप्ट (आजवरच्या सर्व विषयांची आणि श्रेणींची शाळेची अधिकृत नोंद) पुन्हा एकदा बारकाईने पाहा. आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा प्रवेश सशर्त असतो: अर्जात लिहिलेलेच विषय घ्यायचे, बारावीत ‘डी’ किंवा ‘एफ’ येऊ द्यायचा नाही आणि अंतिम ट्रान्सक्रिप्ट पाठवायचे. विषय बदलायचाच असेल तर बदलण्यापूर्वी प्रवेश कार्यालयाला कळव.